मीटर डाऊन

जुने ओळखीचे लोक भेटले की हळहळतात. म्हणतात, "ॲपवाल्या गाड्यांनी तुमचा धंदा खाल्ला ना हो?" मी नाही म्हणतो. माझा धंदा खाल्ला तो इलेक्ट्रॉनिक मीटरनं, आणि तो आला सरकारी हुकुमानं. फोनवरून टॅक्सी बोलावणं मुंबईत सर्रास होईपर्यंत ताडदेवच्या माझ्या गाळ्याची चावी मालकाकडं परत गेलीसुद्धा होती. त्यामुळे ॲपवर माझा राग नाही. पण चौतीस वर्षं मी टॅक्सीचे मीटर दुरुस्त केले, आणि या शहरात प्रवासाची मोजणी कुणाच्या डोळ्यांसमोर होते, याकडं माझं लक्ष जातंच. त्या मोजणीचीच ही गोष्ट.

1979 साली मी सतरा वर्षांचा होतो. मॅट्रिकला गणित सुटलं, इंग्रजी राहिलं. मामांनी मला आपल्या गाळ्यात बसवलं. गाळा कसला, जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं. आरटीओ जवळ, म्हणून गिऱ्हाईक तुटत नसे. पहिल्या दिवशी मामांनी एक मीटर उघडून माझ्यापुढं ठेवला. आत घड्याळासारखी कमान, पितळी चक्रं, आकड्यांच्या फिरत्या पट्ट्या. गाडी धावू लागली की गिअरबॉक्सकडून आलेली वायर चक्रं फिरवायची. गाडी सिग्नलला थांबली की आतलं घड्याळ काम हाती घ्यायचं. दोघांच्या मध्ये असा खटका होता, की ज्याचा वेग जास्त तोच आकडा पुढं ढकलणार. वायर आणि घड्याळ यांच्यात कधी भांडण नाही. मामा म्हणाले, "ह्या एवढां समाजला की धंदो समाजलो."

आणि मग त्यांनी शिशाचं सील दाखवलं. मीटर तपासला, चाचणी झाली, की सरकारी माणूस तार ओवून त्यावर शिशाची गोळी दाबायचा. तार तुटलेली दिसली की मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. टॅक्सीवाला आणि पॅसेंजर यांच्यामधला तिसरा साक्षीदार म्हणजे ती गोळी.

मीटर असायचा गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून झेंडा खाली पाडायचा आणि टिंग असा आवाज व्हायचा. यालाच सगळी मुंबई 'मीटर डाऊन' म्हणायची. तो बाहेर का, हे मला फार उशिरा सुचलं. रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच दिसावं की गाडी रिकामी आहे का भरलेली. पोलिसालाही दिसावं, आणि आत बसलेल्यालाही काचेतून दिसावं. हिशेब चव्हाट्यावर मांडलेला होता.

त्याच्याही आधी या शहरात अंतर दगडात कोरलेलं होतं. इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजले आणि रस्त्याकडेला काळे दगड रोवले, त्यांवर रोमन आकडे. पुढं रस्त्यांची उंची वाढत गेली आणि दगड फूटपाथमध्ये रुतले. त्यांतले काही अलीकडं महापालिकेनं उकरून नीट केले आहेत. लोक त्यांच्यावर बसून चहा पितात. मला मात्र तो शहराचा पहिला मीटर वाटतो. त्याला ना कमान ना वायर, पण आकडा सगळ्यांना एकच.

आज नव्या कंपन्या येतात, लोकांचा पैसा लावतात, आधी स्वस्तात नेतात आणि मग शहराशी त्यांची कुरबुर सुरू होते. हे सगळं नवीन असल्यासारखं लिहिलं जातं. मुंबईनं हे दीडशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. घोड्यांच्या ट्रामची पहिली परवानगी 1865 साली एका कंपनीला मिळाली होती. तेवढ्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि त्या भावावर उभ्या राहिलेल्या मुंबईतल्या बँका अन् कंपन्या धडाधड बुडाल्या. ट्राम कागदावरच राहिली. पुढं स्टर्न्स अँड किटरिज या अमेरिकन मंडळींची बॉम्बे ट्रामवे कंपनी 1873 साली उभी राहिली आणि 9 मे 1874 रोजी कुलाब्याहून पायधुणीला पहिली घोड्यांची ट्राम निघाली. तबेल्यात नऊशे घोडे होते अशी नोंद आहे.

कुलाबा ते पायधुणी तीन आणे भाडं, आणि तिकीट मुळीच नाही. काही महिन्यांत भाडं दोन आण्यांवर आणलं. गर्दी वाढली तसे फुकटेही वाढले, आणि त्याच वर्षी कागदी तिकीट सुरू झालं. मला यातली गंमत अशी वाटते, की तिकीट सोय म्हणून आलेलंच नाही, संशयातून आलं. मोजणीचं प्रत्येक साधन असंच जन्मतं. पुढं 1899 साली कितीही लांब जा, एक आणा, असा सरसकट दर झाला. म्हणजे अंतर मोजायची कटकटच संपवली.

पण त्या कंपनीला शहरानं मोकळं सोडलेलं नव्हतं. पुढंमागं महापालिका हा सगळा कारभार विकत घेऊ शकेल, असं करारातच लिहून ठेवलं होतं. 1905 मध्ये वीज आणि ट्राम एकत्र सांभाळणारी नवी कंपनी आली, 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम धावली, 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस निघाली, आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सगळं महापालिकेच्या ताब्यात आलं. तीच आपली बेस्ट. अमेरिकन धंदेवाल्याच्या तबेल्यातून सुरू झालेली गोष्ट शहराच्या मालकीपर्यंत यायला पाऊणशे वर्षं लागली.

टॅक्सीची वाट वेगळी. व्हिक्टोरियात, म्हणजे घोडागाडीत, बसायचं तर घासाघीस आलीच. पाहुणा दिसला की भाव चढायचा. मीटर आला तो या भांडणावर उतारा म्हणून. 1891 मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रून यांनी भाडं मोजणारं यंत्र बनवलं, आणि 'टॅक्सी' हा शब्दही त्या यंत्राच्याच नावातून आला. म्हणजे गाडीनं मीटरचं नाव घेतलं, मीटरनं गाडीचं नाही! आमच्या गाळ्यात हे मी कुणालाही फुशारकीनं ऐकवायचो. मुंबईत मोटार टॅक्सी 1911 पासून आहे.

31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मामा तेव्हा गावाहून नुकतेच आलेले, गर्दीत उभे होते. ते सांगायचे, लोक ट्रामला हात लावून पाया पडत होते. त्याच साली कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून फियाटची 'डिलाइट' बाहेर पडली. तिचीच पुढं पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते. नव्वदच्या दशकात मुंबईत टॅक्सी साठ हजारांच्या घरात होत्या. त्यातला आमच्या जिन्याखाली येणारा वाटा थोडासाच, पण घर चाललं.

गिऱ्हाईक म्हणजे सगळा हिंदुस्थान. सरदारजी, मंगळूरकडचे, कोकणी मुसलमान, आणि पुढं पुढं जौनपूर-प्रतापगडकडचे भय्ये. कुणाची स्वतःची गाडी, स्वतःचं परमिट, बहुतेक शिफ्टवाले. मालकाला दिवसाचे ठरलेले पैसे द्यायचे, पेट्रोल आपलं, वर उरेल ते आपलं. वायर तुटली की माणूस धावत यायचा, कारण बंद मीटर म्हणजे बुडालेला दिवस.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. 1983 असेल. मामा गावी गेले होते. एक शिफ्टवाला आला, बायको दवाखान्यात, हात जोडून म्हणाला, थोडा फास्ट करून दे. मी एक चक्र बदललं, दात कमी असलेलं. जुनं सील शिताफीनं परत ओवलं. पन्नास रुपये मिळाले. मामा परत आले आणि चार दिवसांत तो मीटर दुसऱ्याच कामासाठी गाळ्यात आला. मामांनी नुसता वाजवून पाहिला आणि माझ्याकडं बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, चल. हाजीअलीच्या रस्त्यावर आम्ही पावलांनी अन् टेपनं मोजून ठेवलेला एक किलोमीटर होता. त्यावरून त्यांनी मला गाडीत बसवून तीनदा नेलं. तीनही वेळा आकडा आधीच पडला. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "मीटर खोटा बोलणा नाय, माणूस बोलता." पन्नास रुपये त्या ड्रायव्हरला परत द्यायला लावले, आणि वर चक्र बसवायची मजुरीही घेतली नाही.

तेव्हा मीटरवाला म्हणून मी काही साधुसंत नाही. झोल आमच्याकडंही होता. फरक इतकाच, की तो झोल उघडा पडू शकत होता. रस्ता तोच, किलोमीटर तोच. कुणीही मोजून बघावं.

आणखी एक भानगड होती, ती टॅरिफ कार्डाची. मीटरची चक्रं एकदा ठरली की ठरली. सरकारनं भाडं वाढवलं म्हणून हजारो मीटरांची चक्रं कोण बदलणार? म्हणून मीटर आपला 1.00 पासून जुनाच आकडा दाखवायचा आणि खरे पैसे कार्डावर बघायचे. दर वाढीनंतर नवं कार्ड. काही पॅसेंजर ते पाकिटात ठेवायचे, काहींना तोंडपाठ गुणाकार. मीटर 2.40 म्हणजे किती, यावरून उतरताना होणारी हुज्जत मुंबईकराला आठवत असेल. त्या हुज्जतीत दोघांच्या हातात एकच कार्ड असायचं, हे मात्र आता आठवतं.

2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले. आकडा थेट रुपयांत. मीटर बॉनेटवरून आत डॅशबोर्डवर आला. ऑक्टोबर 2012 मध्ये किमान भाडं वाढून टॅक्सीचं 19 आणि रिक्षाचं 15 रुपये झालं, तेव्हा मीटर नव्यानं जुळवून घ्यायला रांगा लागल्या. त्या रांगा माझ्या दारात नव्हत्या. ते काम प्रोग्रॅमचं होतं, आणि मला येत होती कमान. 2013 च्या दिवाळीनंतर मी गाळा सोडला.

आता ॲपकडं येतो. त्यांच्याविषयी बोलण्याआधी काळ्या-पिवळीचं पाप मान्य केलं पाहिजे. 2011 साली बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी डोळ्यावर, भर दुपार. लालबागला घरी यायचं म्हटल्यावर एकापाठोपाठ पाच टॅक्सीवाल्यांनी मान हलवली. त्यातल्या दोघांचे मीटर मी कधीकाळी दुरुस्त केले होते. त्यांनी ओळखलंही नाही. मीटर बरोबर असून काय उपयोग, जर झेंडाच पडणार नसेल?

ती फट नव्या लोकांनी हेरली. 2007 मध्ये मेरूनं फोन केल्यावर दारात येणाऱ्या गाड्या आणल्या. मग भाविश अगरवाल आणि अंकित भाटी या आयआयटी मुंबईच्या दोन पोरांनी 2010 च्या अखेरीस मुंबईतच ओला सुरू केली. अगरवाल सांगतात, की बंगळूरहून बांदीपूरला जाताना भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं अर्ध्या वाटेत गाडी थांबवून जास्त पैसे मागितले, आणि तिथून ही कल्पना निघाली. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळची तीच घासाघीस! 2013 मध्ये उबर बंगळुरात आली आणि मग मुंबईत. ड्रायव्हरांना बोनस, पॅसेंजरांना सवलत. तीन आण्यांचं दोन आणे करणाऱ्या ट्राम कंपनीचीच ही रीत. बसकडंही ही मंडळी वळली. पाठ टेकून ऑफिसला नेणारी सिटीफ्लो मुंबईत आली, आणि बस कुठवर आली हे फोनवर बघायची सवय बेस्टच्या प्रवाशालाही लागली.

माझ्या मुलीची पाळी रात्री अकराला सुटायची. 2015 पासून ती ॲपची गाडी बोलवू लागली आणि माझी रात्रीची येरझार थांबली. नंबर आधी कळतो, गाडी कुठं आहे ते नकाशावर दिसतं, 'नही जाएगा' म्हणणं अवघड होतं. हे उपकार मी विसरणार नाही.

पण माझ्यातला मीटरवाला गप्प बसत नाही. एकदा पावसात दादरहून घरी आलो, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. ड्रायव्हर सांगलीकडचा, माझ्याच मुलाच्या वयाचा. सहज विचारलं, आज तुझी चांदी आहे ना? त्यानं आपला फोन पुढं केला. माझ्या फोनवर 412 रुपये, त्याच्या फोनवर 290. म्हणाला, "काका, तुमचा आकडा मला दिसत नाय, माझा तुम्हाला दिसत नाय." मी चमकलो. आमच्या वेळी भांडण एका आकड्यावर व्हायचं. इथं एका गाडीत दोन मीटर होते, आणि दोघांपैकी कुणालाच ते चालवणारी वायर दिसत नव्हती. दगड रस्त्यावर होता, मीटर बॉनेटवर आला, मग डॅशबोर्डवर, मग प्रत्येकाच्या खिशात. मोजणी जवळ जवळ येत गेली आणि नजरेआड झाली.

ड्रायव्हरांना हे आधी कळलं, कारण पोट त्यांचं होतं. सुरुवातीचे बोनस आटले, गाडीचे हप्ते राहिले. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबईतल्या ॲप-टॅक्सीवाल्यांनी मोठा संप केला. सरकारही हळूहळू जागं झालं. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्रानं नियमावली काढली: मागणी वाढली तरी मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि भाड्यातले किमान 80 टक्के ड्रायव्हरला. 2025 च्या जुलैत नवी नियमावली आली, तीत दीडपटीची मर्यादा दुपटीवर गेली. अलीकडं काही ॲपं टक्केवारी सोडून ड्रायव्हरकडून रोजचे ठरलेले पैसे घेऊ लागली आहेत. ते वाचून मला हसू आलं. हा तर आमचा शिफ्टवाला! मालकाला दिवसाचे पैसे द्या, वरचं तुमचं.

दरम्यान फियाट संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला पासिंग झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. त्याच्या दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबल डेकरनं निरोप घेतला होता. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळवे झाले. मी फोटोत मीटरची जागा शोधत होतो.

2025 च्या जुलैत मुंबईचे ॲप-टॅक्सीवाले पुन्हा संपावर गेले. मागणी काय, तर काळ्या-पिवळीइतकं भाडं द्या. सप्टेंबरात राज्य सरकारनं त्यांच्यासाठी किलोमीटरला 22 रुपये 72 पैसे दर ठरवला. असला आकडा दिसला की मला चैन पडत नाही. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. फेब्रुवारी 2025 पासून टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये. एकतीसला दीडनं भागा: 20 रुपये 66 पैसे. त्यावर एसी गाडीचे दहा टक्के चढवा: 22 रुपये 72 पैसे. बरोब्बर! कुठं झोल नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा टॅक्सीचा एक आकडा माझ्या कागदावर उलगडला होता.

दिवाळीच्या आधी नायर हॉस्पिटलहून घरी यायला मुलीनं फोनवरून गाडी बोलावून दिली. लालबागला उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "काका, ॲपमध्ये दाखवतंय ते नको, मीटरप्रमाणं द्या." मी गाडीत इकडंतिकडं बघितलं. "मीटर कुठाय रे?" त्यानं फोन पुढं केला. ॲपचं पान बाजूला सारून त्यानं दुसरं पान उघडलं होतं. किती किलोमीटर, सरकारी दर किती, एकूण किती, असं त्यात मांडलेलं. मी मनात गुणाकार केला. बरोबर होता. किलोमीटरांबद्दल मात्र त्या फोनच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा होता. पैसे दिले. तरी फोन मी लगेच परत केला नाही. उलटा करून बघितला, कडा चाचपल्या.

"काय शोधताय?" पोरानं विचारलं.

मी सवयीनं सील शोधत होतो.